डाव्या पायडलाचा आवाज

विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. वसमतला बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. शेतकरी मोटार आणून दारात टाकतो आणि म्हणतो, "आवाज करून राहिली." मी ती जोडतो, बटण दाबतो आणि मान खाली घालून ऐकतो. बेअरिंग घासतंय, बुश ढिला झालाय की पंखा कव्हरला लागतोय, हे उघडायच्या आधी सांगतो आणि सहसा चुकत नाही. बायको म्हणते, मोटारींचं एवढं ऐकता, कधी घरातल्या माणसांचंही ऐकत जा. तिचं काही खोटं नाही. पण हे आधी सांगतोय ते यासाठी, की मी कानांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे आणि पुढं जे लिहितोय ते त्याच कानांबद्दल आहे.

माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. सगळं घर त्याला नावानं हाक मारायचं, मी मात्र लहान्या म्हणायचो. त्याचं पोट सुटलं, तो एका लेकीचा बाप झाला, कानशिलं पांढरी झाली, तरी माझ्या तोंडी लहान्याच. दोघांच्याही रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालण्याचा दोघांनाही भयंकर कंटाळा. मग लहान्यानं नांदेडहून एक जुनी गिअरची सायकल आणली आणि मलाही एक घ्यायला लावली. सुरुवातीला कॅनॉलच्या रस्त्यानं थोडं जाऊन यायचो. मग चटक लागली. महिन्यातून एखाद्या रविवारी भाकरी बांधून दिवसभरासाठी निघायला लागलो. कधी कळमनुरीकडं, एकदा तर हिंगोली ओलांडून पार कनेरगाव नाक्यापर्यंत गेलो आणि परत येताना एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडलो. पण सगळ्यात जास्त वेळा गेलो ते औंढ्याच्या डोंगरात.

लोकांनी आमची थट्टा केली नसती तरच नवल. अर्ध्या चड्डीतले दोन पोक्त पुरुष सायकलवर घाम गाळताना दिसले की रस्त्याकडेच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. पानटपरीवरचे विचारायचे, "काहून हो, गाडीत पेट्रोल न्हाई का?" लहान्या हसून म्हणायचा, "गाडीत हाय, अंगात बी हाय. ते जाळून राहिलो." मला तसं चटकन बोलता येत नाही. मी तोंड वाकडं करून पुढं निघून जायचो.

पुढं म्हणजे खरंच पुढं. मी मोठा, म्हणून वारा माझ्या छातीवर आणि तो माझ्या मागं, हातभर अंतरावर. लांबच्या सायकलिंगमध्ये अशीच पद्धत असते. मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. म्हणून पुढच्यानं डावा हात पाठीमागं नेऊन खुणा करायच्या. पंजा उघडला की खड्डा आहे, बोटं हलवली की गिट्टी आहे, मूठ वळली की मी थांबतोय. आणि पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही. मान वळली की हँडलही वळतं, मग मागचा येऊन धडकतो आणि दोघेही आडवे होतात. आम्ही एकदा झालोही होतो, तेव्हापासून हा नियम मी कधी मोडला नाही.

मग लहान्या मागं आहे हे मला कसं कळायचं? त्याच्या डाव्या पायडलावरून. ते खाली गेलं की टक् वाजायचं. सपाट रस्त्यावर हळू आणि चढाला जोर लागला की मोठ्यानं. मी कितीदा म्हणालो, दुकानात घेऊन ये, स्पॅनर लावायचं काम आहे. तो म्हणायचा, "राहू दे दादा. तुला कळतंय ना मी हाय म्हनून?"

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. त्याला नांदेडला नेलं, मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर होतो आणि शेवटपर्यंत फाटकाबाहेरच राहिलो. पहिले काही दिवस फोनवर बोलायचा. दर दोन शब्दांनी थांबून श्वास घ्यायचा आणि तरी मलाच विचारायचा, "जेवला का?" मग फोन बंद झाला. नंतर गुंडाळून बांधलेलं काहीतरी गाडीत ठेवताना लांबून दिसलं. ते लहान्या होतं असं आम्हाला सांगितलं आणि आम्ही मानलं. कोणीच तोंड पाहिलं नाही. अग्नी अंगभर झाकलेल्या परक्या माणसांनी दिला. आपल्याकडं स्मशानातून परतताना मागं वळून बघायचं नसतं. पण आम्हाला पुढंच जाऊ दिलं नव्हतं, तर परत कुठून फिरायचं? मी रस्त्याच्या कडेला भावजयीजवळ आणि तिच्या लेकीजवळ उभा होतो. धूर वर गेला, मग आम्हाला घरी जायला सांगितलं आणि आम्ही घरी आलो. ते सगळं अर्धवट राहिलं आहे असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

त्यानंतर मी एकदाच सायकल काढली. कॅनॉलच्या पुलाजवळ खड्डा आला आणि माझा डावा हात आपसूक पाठीमागं गेला. पंजा उघडला. तो उघडा पंजा मी कोणाला दाखवतोय हे लक्षात आलं तेव्हा हात पुढं आणायची हिंमत होईना. तसाच थोडा वेळ चालवत राहिलो. मग घरी आलो आणि सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत भंगाराजवळ लावून टाकली.

लहान्याची सायकल त्याच्या घरी जिन्याखाली चादर टाकून ठेवलेली होती. ती यावर्षी फाल्गुनात बाहेर आली. माझी पुतणी नांदेडला कॉलेजात शिकते. सुट्टीला आली होती. एका संध्याकाळी सायकल हातानं ढकलत दुकानात घेऊन आली. चाकांत हवा नव्हती, साखळी गंजली होती.

"मोठे पप्पा, हिला नीट करून द्या," ती म्हणाली. "आन मला औंढ्याच्या डोंगरात न्या. पप्पा न्यायचे तुमाला तसं."

"तो मला न्यायचा नाही, मी त्याला न्यायचो," मी म्हणालो.

"बराबर. मग मला बी न्या."

मी आधी नाही म्हणालो. ऊन फार आहे, रस्ता खराब आहे, तुला सवय नाही, दुकानात काम पडलंय. खरं कारण मला सांगता येत नव्हतं. ती बाकावर बसून राहिली. मी काहीतरी हाताला काम म्हणून सायकल उलटी केली, चाकांत हवा भरली आणि पायडल फिरवलं. डावं पायडल खाली आलं आणि टक् वाजलं.

त्यानंतर मी लगेच हो म्हणालो. पोरीची हौस म्हणून नव्हे, हे इथं सरळ लिहून टाकतो. मला तो आवाज माझ्या पाठीमागं हवा होता. मी त्या सायकलीची साखळी बदलली, ब्रेक बदलले, सगळीकडं तेल घातलं. पायडल आवळायला स्पॅनर हातात घेतला आणि परत पेटीत ठेवला.

निघायच्या पहाटे भावजय दारात उभी होती. तिनं लेकीच्या पाठीवरची पिशवी दोनदा घट्ट केली आणि मला म्हणाली, "दादा, हिला डोळ्याआड होऊ देऊ नका. आता माझ्याकडं हीच हाय." मी म्हणालो, "काळजी करू नको, माझ्या मागंच राहील." मागं असलेलं माणूस डोळ्यासमोर नसतं, हे तेव्हा तिलाही सुचलं नाही आणि मलाही.

गावाबाहेर पडेपर्यंत अंधार सरत आला होता. शेतांमध्ये हळद शिजवायच्या कढया लागल्या होत्या आणि त्या वासानं सगळा रस्ता भरून गेला होता. मी पुतणीला खुणा शिकवल्या होत्या. वळून न बघण्याचा नियमही सांगितला होता.

"म्हंजे मी पडले तरी तुमी बघणार न्हाई?" तिनं हसत विचारलं होतं.

"आवाज दे. मला ऐकू येतं," मी म्हणालो होतो, आणि ते अगदी रुबाबात म्हणालो होतो.

टक्. थोडा वेळ जायचा, परत टक्. किती दिवसांनी तो आवाज पाठीमागून येत होता! मी खड्ड्याला पंजा दाखवत होतो, गिट्टीला बोटं हलवत होतो आणि मागून येणाऱ्या चाकाचा आवाज माझ्या खुणेबरोबर बाजूला सरकत होता. माझ्या अंगावरचं ओझं उतरत गेलं. औंढ्यापर्यंत आम्ही दमलोही नाही. नागनाथाला बाहेरूनच हात जोडले आणि एका टपरीवर चहा प्यायलो. टपरीवाल्यानं मला ओळखलं. पुतणीकडं बघून विचारलं, "लेक का?" मी म्हणालो, "भावाची." त्यानं तिच्या सायकलकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि मला आणखी अर्धा कप ओतून दिला.

औंढ्याच्या पुढं मोठा रस्ता सोडून आम्ही तांड्यांकडं जाणाऱ्या लहान रस्त्याला लागलो. डोंगर तिथून खरे सुरू होतात. फार उंच नाहीत, पण एक संपला की दुसरा तयार. साग उघडे पडले होते आणि त्यांची ताटाएवढी पानं रस्त्याच्या कडेला साचली होती. मधूनमधून पळस फुलला होता. माणूस नाही, गाडी नाही. एखादं पान घरंगळत आलं तरी दचकायला होत होतं.

पहिला चढ पोरीनं चांगला काढला. वर पोचून पाणी प्यायलो तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता, पण डोळे चमकत होते. "पप्पा इथं थांबायचे का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, तो कुठंच थांबायचा नाही, मीच दमायचो. ती खूश झाली. उतारावरून खाली आलो आणि दुसरा, मोठा चढ लागला. नागमोडी आहे. एका बाजूला कापलेला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खोल ओढा.

आता जे झालं ते जसं झालं तसं सांगतो.

चढाच्या पहिल्या वळणानंतर आवाज बदलला. माझ्या धंद्यात आम्ही म्हणतो, लोड वाढला. रिकामी फिरणारी मोटार आणि पाणी ओढणारी मोटार यांचा आवाज एक नसतो. पोरीच्या हलक्या पायाखाली पायडल जसं वाजत होतं, तसं आता वाजत नव्हतं. आवाज भरला होता, जड झाला होता. पोट सुटलेला, चढाला सीटवर बसूनच सावकाश पाय मारणारा माणूस असावा तसा. तो आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला होता. मला तो ओळखायला क्षणही लागला नाही.

भीती वाटली का? वाटली. पण त्यापेक्षा जास्त भीती वाटली ती आवाज थांबेल याची. नियम होताच, मागं वळायचं नाही. मी वळलो नाही. खड्डा आला, पंजा उघडला. मागून टक् आला. मी म्हणालो, "ये, लहान्या."

आणि मग मी बोलायलाच लागलो. हे लिहिताना मला लाज वाटत नाही, नुसतं कसंसंच होतं. मी त्याला सांगितलं की दुकान बरं चाललंय, गुडघा दुखतोय, तुझ्या दारातला लिंब यंदा वाऱ्यानं पडला. मी त्याला सांगितलं की तुझी लेक अगदी तुझ्यासारखी चिवट निघाली, पहिला चढ कुठं न थांबता चढली. बोलता बोलता मला एकदा लांबून हाक ऐकू आल्यासारखी वाटली. पण पायडल वाजत होतं, बराबर माझ्या मागं वाजत होतं. म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, "ये, सावकाश ये, घाई न्हाई." मी असा वळणामागून वळण चढत राहिलो. मला दम लागला नाही. इतका सुखात मी त्या डोंगरात कधीच चढलो नव्हतो.

वर माथ्यावर तांडा आहे. रस्त्याला लागूनच हापसा आहे. एक म्हातारी कडेवर नातू घेऊन घागर भरत होती. मी येताना दिसलो तशी ती हापसायची थांबली आणि माझ्याकडं टक लावून बघत राहिली. मी मूठ वळून पाठीमागं दाखवली, थांबतोय म्हणून, आणि पाय खाली टेकवला.

"कोणाशी बोलून राहिले, दादा?" तिनं विचारलं.

"मागं आहे ना," मी म्हणालो.

म्हातारीनं माझ्या मागं बघितलं. मग लेकराला कडेवरून छातीशी घेतलं आणि पदरानं त्याचं तोंड झाकलं. "कोनी न्हाई," ती म्हणाली. "त्या तिकडच्या वळनापासून बघून राहिले मी. तुमी एकलेच हात करून राहिले, एकलेच बोलून राहिले."

तेव्हा मी वळलो. खालपर्यंत रस्ता दिसत होता. ऊन आणि पानं. त्यावर माणूस नव्हतं.

आवाज बंद झाला होता. नेमका कधी बंद झाला ते मला आठवत नाही. आणि मग एकदम, थंड पाणी अंगावर पडावं तसं मला आठवलं की मी सकाळी घरून कोणाला घेऊन निघालो होतो.

मी सायकल फिरवली. म्हातारी मागून काहीतरी ओरडली, ते ऐकायला थांबलो नाही. त्या उतारावर मी ब्रेक दाबले की नाही मला सांगता येणार नाही. दर वळणावर ओढ्याच्या बाजूला बघत होतो. खाली कुठं लाल ओढणी दिसते का, चाक दिसतं का. हाक मारायला तोंड उघडलं आणि क्षणभर मला तिचं नावच आठवेना, तोंडात फक्त लहान्या येत होतं. भावजय दारात उभी असलेली दिसत होती. तिला मी काय सांगणार होतो? की तुझा नवरा मागं होता, म्हणून तुझी लेक कुठं राहिली ते मला कळलं नाही?

चढाच्या अगदी सुरुवातीच्या वळणापलीकडं ती बसली होती. कडेच्या दगडावर, पाय लांब करून. सायकल आडवी पडली होती. साखळी निसटून चाकात अडकली होती आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ती धडधाकट होती. तिला खरचटलंही नव्हतं.

मी काय केलं असेल? तिच्यावर ओरडलो. "हाक मारता येत नाही का? तोंड नाही का तुला?" माझा आवाज डोंगरावर आपटून परत आला तेव्हा मलाच तो परका वाटला.

ती शांतपणे माझ्याकडं बघत होती. "मारली की," ती म्हणाली. "लई मारल्या. तुमी थांबलेच न्हाई. शेवटच्या हाकेला तुमी बोलले."

"काय बोललो?"

"म्हनले, ये, सावकाश ये, घाई न्हाई." तिनं काळे हात एकमेकांवर चोळले. "पण माझ्याशी न्हाई बोलले. त्याच्या आधी लहान्या म्हनले होते. मी ऐकलं."

मी तिच्या शेजारी बसलो. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली. मी पाणी प्यायलो आणि मग साखळी बसवायला घेतली, कारण तिच्याकडं बघायचं धाडस नव्हतं. साखळी बसली. पायडल हातानं फिरवून बघितलं. टक्. हलका, रिकामा आवाज. मग मी माझीही सायकल उलटी करून सगळी तपासली. पायडल, सीट, घोडी, मागचं चाक. कुठंही काही वाजत नव्हतं. डोंगराचा प्रतिध्वनी म्हणावा, तर प्रतिध्वनीला मूळ आवाज लागतो आणि मूळ सायकल तर इथं खाली आडवी पडली होती. माझ्या कानांनी तो आवाज वळणामागून वळण ऐकला आहे. यापलीकडं मला त्याचं काही सांगता येत नाही.

पुतणी हात मातीला चोळत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पप्पा काय म्हनले?"

मला वाटलं ती टोमणा मारतेय. पण तसं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या आवाजात जो हेवा होता तो माझ्या काळजात घुसला. वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. तिनं शेवटी जो पाहिला तो धूर होता.

"काही नाही म्हणाला," मी म्हणालो. "नुसता मागं होता."

"दम लागून राहिला होता का त्यांना?"

मला खोटं सांगायचं नव्हतं. मी परत ते सगळं आठवून ऐकलं. जड पाय, सावकाश टक्, एकसारखा. मध्ये कुठं अडखळलेला नव्हता, थांबलेला नव्हता.

"न्हाई," मी म्हणालो. "अजिबात न्हाई. सगळा चढ बराबर चढला."

तिनं काळे हात तोंडावर धरले आणि ती रडली. इतक्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ना त्या दिवशी रस्त्याकडेला, ना तेराव्याला, ना नंतर कधी. सगळे म्हणायचे, पोरगी घट्ट आहे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचं रडून होऊ दिलं.

मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं. गालावर साखळीचं काळं लागलं होतं. ती उठली आणि सायकल उभी केली.

"आता मी पुढं होते," ती म्हणाली. "तुमी मागं या. पण लांबून या. मला बघायचंय, ऐकू येतं का."

मी नको म्हणू शकलो नाही. ती चढाला लागली. मी तिच्या मागं, तिनं सांगितलं तसं अंतर राखून निघालो. टक् आता माझ्या समोरून येत होता, तिच्या हलक्या पायाखालून. पोरीनं पद्धत पूर्ण पाळली. खड्डा आला की तिचा हात मागं यायचा आणि पंजा उघडायचा. मान एकदाही वळली नाही. पण तिची मान जरा तिरकी झाली होती, ऐकणाऱ्या माणसाची होते तशी. माझी सायकल आवाज करत नाही. मोटारवाला आहे, वाजणारी वस्तू मला सहन होत नाही.

मधल्या वळणावर तिचा वेग कमी झाला. तिथं झाडंही नव्हती, वाराही नव्हता. तिनं समोर बघतच हळूच हाक मारली.

"पप्पा?"

ती हाक माझ्यासाठी नव्हती. मी गप्प राहिलो असतो तर तिच्या पाठीमागं कोणीही असू शकलं असतं. एखादा खडा चाकाखाली वाजला असता, एखादं पान सरकलं असतं आणि तिनं ते आयुष्यभर जपून ठेवलं असतं. मला ते तिला देता आलं असतं. पण वर माथ्यापर्यंत मी त्याच सुखात चढलो होतो आणि तेवढा वेळ ही पोरगी खाली ओढ्याच्या काठी एकटी हाका मारत होती.

"मी आहे गं," मी म्हणालो. "मीच आहे. मोठे पप्पा."

तिचा पाय थांबला. सायकल लटपटली, मला वाटलं आता पडते. मग ती सीटवरून उठली आणि उभ्यानं पायडल मारत निघाली. तिचे खांदे हलत होते. चढामुळं की रडण्यामुळं, ते मला मागून कळत नव्हतं. मी मधलं अंतर तोडून अगदी तिच्या चाकाजवळ गेलो आणि मोठ्यानं बोलायला लागलो. हळदीच्या भावाचं, दुकानातल्या जळक्या मोटारींचं, तिच्या आईनं बांधून दिलेल्या भाकरीत काय असेल त्याचं. माथा येईपर्यंत मी एकदाही थांबलो नाही, मागं कोण आहे याबद्दल तिला शंका राहू नये म्हणून.